खोकं आमचं, जीव बाहेरचा

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. देवांचे, राजांचे, पुढाऱ्यांचे पुतळे आपल्याकडं पैशाला पासरी. पण एका यंत्राचा स्तंभ उभारून त्याला हार घालणारं गाव माझ्या तरी माहितीत हे एकच. बाबूराव पेंटरांच्या स्मृतीचा हा कॅमेरा मानस्तंभ. त्याच्याभोवतीनं रिक्षा वळतात, शेजारी कुणीतरी दुचाकी लावून मिसळ खायला जातं, आणि बाहेरगावचा माणूस मान वर न करता पुढं निघून जातो. कोल्हापूरला येणाऱ्याचा बेत ठरलेला असतो: अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, चपलांची गल्ली आणि रात्री तांबडा-पांढरा. त्या बेतात गैर काहीच नाही.

मला मात्र आवाजाची यंत्रं बघायची होती. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीसारखे रचलेले ते काळे बॉक्स तयार कुठं होतात, कोण करतं, आत काय असतं, हे बघण्यासाठी मी आलो होतो. तरी सुरुवात कॅमेऱ्यापासून केली. या गावाची यंत्राशी असलेली वागणूक त्या स्तंभापाशी जशी कळते तशी दुसरीकडं कुठं कळत नाही.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० चा. घर कारागिराचं. वडिलांच्या हाती सुतारकाम, चित्रकाम, मूर्तिकाम सगळंच. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे; आडनावाच्या जागी ‘पेंटर’ चिकटलं ते त्यातूनच. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला १९१३ साली आणि त्यासाठी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विलायतेहून आणला. पेंटर बंधूंनी तेच वेड घेतलं, पण कॅमेरा विकत घेण्याऐवजी घरीच करायला बसले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले हा पेणहून आलेला तरुण त्यांच्या हाताखाली होता. दोघांनी मिळून १९१८ च्या सुमारास यंत्र पुरं केलं. तानीबाई कागलकर या गायिकेनं पैसा पुरवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते या चित्रपटानंतर.

आता त्या कॅमेऱ्यात काय काय लागतं ते बघा. फिल्मच्या कडेला भोकं असतात. एक आकडा त्यात अडकून फिल्म एक घर खाली ओढतो आणि थांबतो. ती थांबलेली असताना झडप उघडते, उजेड पडतो, झडप मिटते आणि आकडा पुढचं घर ओढतो. मूकपटाच्या काळात हाताच्या दांडीनं सेकंदाला साधारण सोळा वेळा हे व्हायचं. घर केसभर इकडंतिकडं थांबलं तर पडद्यावर राजा-राणी थरथरताना दिसणार. पण यातलं सगळं काम दात्यांचं, कॅमचं, स्प्रिंगचं आणि कानशीचं. म्हणजे लेथ असेल, ओतकाम करणारा असेल आणि हात बसलेला असेल तर भिंग सोडून सगळं कोल्हापुरात होण्यासारखं होतं. आणि ते झालं.

आवाजाचं मात्र तसं झालं नाही. का झालं नाही, हाच प्रश्न घेऊन मी गावभर फिरत होतो.

प्रभात फिल्म कंपनी इथलीच. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाचांनी ती काढली. पुण्याला ती गेली १९३३ मध्ये, त्यामुळं पुणेकर तिच्यावर हक्क सांगतात आणि कोल्हापूरकर त्यावर हसतात. मधल्या चार वर्षांत सिनेमा बोलायला लागला. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि मूकपट काढणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या पोटात गोळा आला. प्रभातनं वर्षाच्या आत उत्तर दिलं. ‘अयोध्येचा राजा’ फेब्रुवारी १९३२ चा. तो कोल्हापुरात तयार झाला, मराठीत आणि हिंदीत. राजा हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे, संगीतही टेंब्यांचंच. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कोण? तेच विष्णुपंत दामले, ज्यांनी बाबूरावांबरोबर कॅमेरा घडवला होता.

पडदे रंगवणारा, मग कॅमेरा जोडणारा, मग आवाज धरणारा असा हा माणूस. पुढं ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक म्हणून तो जगाला माहीत झाला, त्या चित्रपटाची दखल १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात घेतली गेली. माझ्या मते दामल्यांचं मोठेपण त्याआधी, कोल्हापूरच्या त्या खोलीत सिद्ध झालं होतं. कारण या खेपेला यंत्र परदेशाहून आलेलं होतं आणि त्यात कानशीनं घासण्यासारखं फारसं काही नव्हतं.

तेव्हाचं ध्वनिमुद्रण उजेडानं व्हायचं. मायक्रोफोनवर आवाज पडला की विजेचा अगदी क्षीण प्रवाह निघतो. काचेच्या व्हॉल्व्हमधून तो कित्येक पटींनी वाढवायचा आणि त्यानं एका दिव्याचा किंवा उजेडाच्या फटीचा खेळ चालवायचा. तो उजेड फिल्मच्या कडेला जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर पडतो आणि आवाज काळ्या-पांढऱ्या रेघांत उमटतो. थिएटरात उलटा प्रवास. पट्टीतून दिवा आरपार जातो, पलीकडचा फोटोसेल त्या चढउताराची वीज करतो, अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि पडद्यामागचा कर्णा बोलतो. फिल्मचा वेग आता सेकंदाला चोवीस चित्रं, मिनिटाला नव्वद फूट, आणि तोही अगदी एकसारखा हवा. हातानं दांडी फिरवणाऱ्याची लय चित्राला चालून जायची. गाण्यात तीच लय जरा डगमगली तर षड्‌ज रडायला लागतो. सोबत नवी दुखणी आली. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोन ऐकतो, आर्कच्या दिव्यांची गुणगुण ऐकतो, बाहेरून जाणारा टांगाही ऐकतो. सुरुवातीच्या बोलपटांचं कितीतरी चित्रीकरण रात्री झालं ते याच कारणानं. गाणं नटानं कॅमेऱ्यासमोरच म्हणायचं, साथीदारांनी चौकटीबाहेर लपून वाजवायचं, आणि कोण मायक्रोफोनपासून किती हात लांब बसणार हे ध्वनिमुद्रकानं ठरवायचं.

व्हॉल्व्हसाठी काच फुंकावी लागते, हवा काढावी लागते, केसाएवढी तार आत तापवावी लागते. फोटोसेलला शुद्ध रसायनं लागतात. कर्ण्याला जोरकस चुंबक लागतो. लेथवर यातलं काहीच होत नाही. कॅमेरा करणाऱ्या गावाला आवाजाचं यंत्र चालवता आलं, उघडता आलं, दुरुस्तही करता आलं, पण करता आलं नाही, ते इथं.

मध्ये एक दुपार केशवराव भोसले नाट्यगृह आणि खासबाग या जोडीकडं गेली. शाहू महाराजांनी १९१५ च्या सुमारास बांधलेलं पॅलेस थिएटर म्हणजेच हे नाट्यगृह. मायक्रोफोन नसताना संगीत नाटक शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं तर छत, भिंती आणि लाकूड यांनाच अ‍ॅम्प्लिफायर व्हावं लागतं, आणि ती वास्तू त्या कामाला जुन्या नटांच्या पसंतीची होती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तिला आग लागली. पाठीला पाठ लावून १९१२ चं खासबाग मैदान आहे, गोल, उतरत्या पायऱ्यांचं. महाराजांना कल्पना सुचली ती रोमचा जुना आखाडा बघून, असं सांगतात. तिथल्या कुस्तीला हल्ली निवेदक असतो. पट आणि घिस्सा या डावांच्या मधल्या अर्ध्या सेकंदात त्याला पैलवानाचं गाव, वस्ताद आणि तालीम सांगायची असते. ते कर्ण्याशिवाय जमणारं नाही. नाट्यगृहात आवाजाला भिंतीचा आधार होता, मैदानात डोक्यावर आभाळ. आपल्याकडं लाउडस्पीकरची गरज खरी लागली ती अशा उघड्या जागांना.

त्या कर्ण्यांची कूळकथा मंडप-डेकोरेटरच्या एका जुन्या गोदामात सापडली. गाद्या, सतरंज्या, स्टीलच्या पराती यांच्या मागं पत्र्याचे कर्णे एकात एक घालून ठेवले होते. एकावर ‘आहुजा’, एकावर पुसट झालेलं ‘शिकागो’. आहुजा ही दिल्लीची कंपनी, १९४० पासूनची; खेड्यातलं लग्न, जत्रा आणि प्रचारसभा तिनं गाजवल्या. शिकागोचा मात्र अमेरिकेशी संबंध नावापुरता. मोटवाने या सिंधी कुटुंबानं सक्करमध्ये सुरू केलेला व्यवसाय कराचीमार्गे मुंबईला आला आणि शिकागो रेडिओ या नावानं ओळखला जाऊ लागला. काँग्रेसच्या अधिवेशनांना, गांधीजींच्या सभांना लाउडस्पीकर लावायचं काम नानिक मोटवाने यांनी वर्षानुवर्षं केलं. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत चोरून काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा यंत्रसामग्रीच्या बाबतीत संशय या कंपनीवर आला. नोव्हेंबरात केंद्र पकडलं गेलं, नानिक मोटवाने यांच्यावर खटला झाला आणि ते सुटले. पुढं या घराण्याचा कारखाना नाशिक रोडला उभा राहिला. सभा आणि प्रक्षेपण या दोन्हींची यंत्रं करणारं घराणं महाराष्ट्रात होतं, ते असं. कोल्हापूरच्या गोदामात त्याचा पत्रा गंजत पडलाय, आणि गोदामाचा मालक तो भंगारात द्यायला तयार नाही.

कर्णा दोन-दोनशे मीटर वायर ओढून गावाच्या वेशीवर कसा लावतात, हे लहानपणी कोडं वाटायचं. त्याचं उत्तर त्याच गोदामात मिळालं. अ‍ॅम्प्लिफायर आवाजाची वीज शंभर व्होल्टपर्यंत चढवून वायरीत सोडतो. दाब जास्त म्हणून प्रवाह कमी, प्रवाह कमी म्हणून वायर तापून वीज वाया जात नाही. प्रत्येक कर्ण्याच्या पाठीशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो पुन्हा दाब उतरवतो. वीज मंडळ लांबच्या गावाला वीज नेतं ते याच युक्तीनं.

शिवाजी उद्यमनगरात सोमवारी जाऊ नये. कोल्हापूरच्या कारखान्यांची सुट्टी सोमवारची, त्यामुळं त्या दिवशी बंद शटर आणि झोपलेली कुत्री एवढंच बघायला मिळतं. मंगळवारी सकाळी तोच भाग ओळखू येत नाही. लेथची शीळ, ग्राइंडरच्या ठिणग्या, कटिंग ऑइलचा वास, आणि दर चार दुकानांमागं एक चहाची टपरी, जिथं तेलकट बोटांनी मायक्रोमीटर बाजूला ठेवून गडी चहा पितात. ऑइल इंजिनांनी हा भाग वाढवला. ओतकाम पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत पसरलं. कोल्हापूर परिसरात तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत असं सांगतात. ट्रॅक्टरचा ब्लॉक, पंपाची बॉडी, ट्रकचा हब असं या गावानं काय काय ओतलंय. साचा दाखवा, नग घेऊन जा, असा इथला खाक्या.

या वस्तीच्या कडेला, आणि पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या पडव्यांतही, बॉक्स करणारे बसतात. या बॉक्सांच्या भिंतीला इथं सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. त्या नावाच्या परदेशी कंपनीचा याच्याशी काही संबंध नाही. ज्या कारखान्यात मी सगळ्यात जास्त वेळ काढला तिथं तीन माणसं होती आणि प्लायवूडचा भुसा घोट्यापर्यंत. मालकांनी आधी विचारलं, “मंडळ कुठलं?” मंडळ नाही, लिहायचं आहे म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, “मग बसा निवांत. ऑर्डर नसलेल्या माणसाला खरं सांगता येतंय.”

खरं असं की बॉक्स म्हणजे नुसती पेटी नव्हे. स्पीकरचा कोन पुढं ढकलला जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही एकमेकांना भेटल्या की खर्जातला आवाज जागीच मरतो. म्हणून मागची हवा कोंडायची. पण नुसती कोंडली तर तिची ताकद फुकट जाते. म्हणून पेटीला तोंड ठेवायचं, त्याला इथं पोर्ट म्हणतात. पोर्टची लांबी-रुंदी आणि पेटीचं पोट यांचं गणित बसलं की मागची हवा एका ठरावीक खर्जाला पुढच्या हवेच्या जोडीनं बाहेर येते. घागरीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमतं, तसंच हे. या गणिताची रीतसर मांडणी ऑस्ट्रेलियन अभियंता नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये केली. सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ती पुरी केली. आज जगातला कुठलाही स्पीकर विकताना त्या दोघांच्या नावाचे आकडे सोबत देतात.

कारखान्यात ते आकडे भिंतीवर कुठंच नव्हते. होता तो एक परदेशी बॉक्स, कधीतरी दुरुस्तीला आलेला. त्याची मापं काढून ठेवली होती, खडूनं, दाराच्या मागच्या बाजूला. कापणी त्या मापानं. अठरा मिलिमीटरचं प्लाय, कडांना खाच पाडून सांधा, सांध्यात फेविकॉल आणि स्क्रू, आतून तिरप्या आडव्या पट्ट्या, कारण पातळ फळी स्वतःच थरथरायला लागली की खर्ज फुटतो. वरून खडबडीत काळा रंग, समोर लोखंडी जाळी, कोपऱ्यांना पत्र्याचे गुडघे, बाजूला मुठी. एका बॉक्सात अठरा इंची दोन स्पीकर, हा झाला ‘बेस’. मधला-वरचा आवाज वेगळ्या पेटीत, तो ‘टॉप’. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा राउटर फिरवत होता. गोल भोक असं काढलं की स्पीकर त्यात हात न लावता बसला. मी टेप मागितली तर त्यानं दिली, पण चेहऱ्यावर नाराजी दिसत होती.

“यातलं कोल्हापूरचं काय?” मी विचारलं.

मालकांनी बॉक्सवर थाप मारली. “खोकं आमचं. जीव बाहेरनं येतोय.”

बाहेरून म्हणजे दिल्लीहून, मुंबईहून, बराचसा चीनहून. तो जीव म्हणजे स्पीकर. जाड चुंबकाच्या मधल्या फटीत तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचं वेटोळं तरंगत असतं, त्याला कोन चिकटवलेला. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते पुढं-मागं धावतं. फट मिलिमीटरच्या हिशेबात. वेटोळं जरा तिरकं बसलं की घासतं, घासलं की जळतं. चुंबक पूर्वी फेराइटचा, म्हणजे स्पीकर चांगलाच जड. १९८० च्या दशकात निओडिमियमचा चुंबक आला आणि वजन उतरलं. त्या धातूच्या शुद्धीकरणात चीनचा वरचष्मा आहे, त्यामुळं किंमत तिकडं हलली की इकडं महाद्वार रोडच्या मिरवणुकीचं भाडं हलतं. अ‍ॅम्प्लिफायरचंही तसंच. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे जुने अ‍ॅम्प इथं कुणी कुणी जोडायचे. ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग कोल्हापुरात व्हायचं, कारण मोटार रिवाइंड करणाऱ्याला ते परकं नव्हतं. आता वीज क्षणात हजारो वेळा तोडून जोडणारे हलके अ‍ॅम्प आले आणि ते काम संपलं.

एक कला मात्र उरली आहे, आणि ती बघायला मी पुन्हा जाईन. जळलेला स्पीकर परत जिवंत करणं. गणपती झाल्यावरच्या आठवड्यात अशा स्पीकरांची चळत लागते. कारागीर जुना कोन ब्लेडनं कापून काढतो, फटीतली काजळी आणि लोखंडाचा कीस चिकटपट्टीनं उचलतो, नवं वेटोळं घालून चारी बाजूंनी फिल्मच्या पट्ट्या खोचतो म्हणजे ते मधोमध राहतं, मग वेटोळं सावरणारा पिवळा ‘स्पायडर’, मग कोन, मग डिंकासारखं दिसणारं अ‍ॅडेसिव्ह. सुकल्यावर पट्ट्या उपसायच्या आणि दोन अंगठ्यांनी कोन हळूच दाबून बघायचा. घासलं तर बोटांना कळतं. या कामाला मीटर नाही. कॅमेऱ्याचा आकडा घासणाऱ्या हातांची जात हीच.

मग हे हात आणखी पुढं का जात नाहीत? चुंबक नसेना, पण लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम ओतणाऱ्या गावात निदान स्पीकरचा सांगाडा, तबकड्या, पोलपीस व्हायला काय हरकत आहे? हा प्रश्न मी तीन ठिकाणी विचारला आणि उत्तर एकच आलं: गिऱ्हाईक आवाज मोजत नाही, बॉक्स मोजतं. मंडळाचा कार्यकर्ता येतो आणि विचारतो, शेजारच्या पेठेनं किती लावले? त्यांनी सोळा लावले तर आम्हाला चोवीस. कुणी असं म्हणत नाही की आठच लावा, पण शब्द कळू दे. जिथं शेवटची कसोटी आकडा आहे, तिथं कारखानदार सुबकपणात पैसा कशाला घालेल?

आणि आकड्याचं गणितही फसवं आहे. बॉक्स दुप्पट केले, अ‍ॅम्प दुप्पट केले, जनरेटर वाढवला, तरी फार तर सहा डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला दहाच्या आसपास लागतात. म्हणजे वर्गणीचा पैसा दुप्पट जातो, पण आवाज काही दुप्पट होत नाही. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल उतरतात. महाद्वार रोडला, पापाच्या तिकटीला, गंगावेशीकडच्या उतारावर दोन्ही बाजूंनी घरं आहेत. तिथं आवाज उतरत नाही, भिंतींवर आपटून परत येतो. वरचा आवाज खिडकी अडवते, खर्ज भिंतीतून आत जातो. म्हणून आतल्या खोलीत गाणं कळत नाही आणि फळीवरची भांडी मात्र वाजतात. कानाचा हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. ट्रॉलीच्या पुढ्यात नाचणारा पोरगा किती तास असतो, हे ज्यानं त्यानं मोजावं.

कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र दहाला सुरू होते आणि सहाला संपते. वर्षातले मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला. दर भाद्रपदात पोलीस बैठका घेतात, मंडळं शब्द देतात, काही पाळतात, ढोल-ताशा, लेझीम, झांजपथक परत येतं, काही पाळत नाहीत आणि गुन्हे दाखल होतात. बॉक्स करणाऱ्यांना यात दोष देणं मला जमलं नाही. ते सांगाल तेवढं करतात. मालक तर म्हणाले, “माझ्या घरी म्हातारी आई हाय. मिरवणुकीला तिला बहिणीकडं पाठवतो.” आणि ज्या हातानं हे सांगितलं त्याच हातानं पुढच्या ऑर्डरची पावती फाडली.

प्रक्षेपणाची यंत्रं बघायची तर सांगलीचा रस्ता धरावा लागतो. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ पासूनचं, मध्यम लहरीवरचं, आणि कोल्हापूरच्या दोन पिढ्या त्याच्या वेळापत्रकावर वाढल्या. कोल्हापूरला एफएम आलं ते पुष्कळ नंतर. आता आकाशवाणीचं आहे, खासगी वाहिन्याही आहेत, ‘टोमॅटो एफएम’ तर इथल्याच ‘पुढारी’ समूहाचं. एफएमचा आवाज स्वच्छ, पण त्याची लहर सरळ रेषेत चालते; गगनबावडा, राधानगरीच्या बाजूला डोंगर आडवा आला की ती खुंटते. मध्यम लहर जमिनीला धरून वळसे घेत जाते, म्हणून उसाच्या फडातल्या रेडिओला अजून ती सोयीची. आकाशवाणीची प्रक्षेपण यंत्रं देशात करायचा मान बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सकडं जातो. सरकारनं १९५४ मध्ये ती कंपनी काढली. तिच्यामुळं व्हॉल्व्ह करायला शिकलेलं गाव पुढं काय काय करू लागलं ते आपण बघतोच आहोत. कोल्हापूरला भट्टी मिळाली, बंगळुरूला काचेची नळी. दोन्ही गावांचा पुढचा रस्ता त्यावरच ठरला.

विजेशिवायच्या आवाजाचा हुन्नर बघायला मिरजेला मी रेल्वेनं गेलो. कोल्हापूर-मिरज हा फाटा १८९१ चा, कोल्हापूर संस्थानानं टाकलेला. गाडी मोटारीपेक्षा सावकाश जाते आणि ते बरंच आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे करणारी शिकलगार मंडळी मूळची हत्यारांना धार लावणारी. तलवारीची मागणी आटल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, फरीदसाहेब या पूर्वजापासून हा हुन्नर सुरू झाला. मंगळवेढा-पंढरपूर पट्ट्यातला भोपळा, त्यावर लाकडी दांडी, आणि सगळा खेळ घोडीवरच्या जवारीत. घोडीचा माथा असा घासायचा की तार त्यावर टेकतेही आणि टेकतही नाही. मग एका तारेतून स्वरांचा अख्खा घोळका उठतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

ज्या दुकानात मी टेकलो, तिथं एक गृहस्थ मुलीसाठी तंबोरा ठरवायला आले होते. पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. “पट्टी कुठली?” पांढरी पाच म्हटल्यावर भोपळ्याचं माप बदललं, तारांची जाडी बदलली, दांडीची लांबीही बदलली. “आणि ताईंना घेऊन या. आवाज ऐकल्याशिवाय जवारी काढत नाही,” असं वर सांगितलं. कोल्हापूरच्या बॉक्सवाल्याला असं विचारायची सोय त्याचं गिऱ्हाईक ठेवत नाही. फरक हुन्नरात नाही, पलीकडं बसलेल्या माणसात आहे.

त्याच दुकानात काचेच्या कपाटात इलेक्ट्रॉनिक तानपुरे मांडलेले होते, टिफिनच्या डब्याएवढे. बंगळुरूचे राजनारायण यांनी सत्तरचं दशक संपता संपता ते प्रथम केले आणि आता गाणाऱ्यांच्या पिशवीत तंबोऱ्याआधी तेच असतात. हे बिघडले तर इथं दुरुस्त होतात का, असं विचारल्यावर कारागिरानं हातातली कानस खाली ठेवली नाही.

“स्पीकर फाटला असला तर बदलून देतो. बाकीचं बेंगलोरला पाठवायला लागतंय.”